सगळ्या डाव्या बाह्या

रोग गेला की रोग्याने कृतज्ञ राहावे, एवढीच जगाची अपेक्षा असते. आणि कृतज्ञ माणसाला थकण्याचा अधिकार कोणी ठेवलेला नसतो. हा अन्याय प्रेमळ शब्दांत होतो, म्हणून त्याविरुद्ध दादही मागता येत नाही.

कपडे शिवण्याच्या एका कारखान्यात ती कापड बेतत असे. बेतणाऱ्याला तिथे मास्तर म्हणत, म्हणून बाई असूनही ती मास्तर. स्तनाच्या कर्करोगावरची शस्त्रक्रिया, औषधे, किरणे, सारे सोसून ती कामावर परतली होती. केस आले, चेहऱ्यावर रंग आला; बुद्धीचे बळ तेवढे पुरते परतले नव्हते. सकाळी सारे लख्ख असे. दुपार झाली की ऐकलेला शब्द मनात टेकण्याआधीच ओघळून जाई.

अशाच एका दुपारी तिने गणवेशांच्या बाह्यांसाठी कापड अंथरले. एक थर सुलट, एक थर उलट असे आलटूनपालटून घातले, तरच डाव्या-उजव्या बाहीची जोडी निघते. तिने सगळेच थर सुलट अंथरले आणि कात्री चालवली. गठ्ठाच्या गठ्ठा डाव्या बाह्यांचा निघाला.

"मास्तर, आता दोन्ही हात डावेच असलेलं गिऱ्हाईक शोधा," बाह्या जोडणारी म्हणाली. हशा पिकला. तीही हसली, पण आतून पेटली.

घरी नणंद आलेली होती. "वहिनी, रिपोर्ट चांगले आलेत ना? मग आनंदात राहायचं. तुम्ही फार मनाला लावून घेता."

"मनाला काही लागतच नाही वन्सं, तीच तर पंचाईत आहे."

नणंदेने तिच्या पाठीवरून हात फिरवला. त्या स्पर्शाचाही तिला संताप आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कापड अंथरले, तोच मालक तिच्या टेबलाशी आले. मृदू माणूस. त्यांनी कात्रीसाठी हात पुढे केला. "मास्तर, तुम्ही आता बटणं लावा. हलकं काम. पगार तोच."

"हलकं कुणी ठरवलं?"

"तुमच्या भल्यासाठीच म्हणतोय."

"भलं मला विचारून करा. चूक माझी, ती मी झाकत नाही. पण दुपारी माझं डोकं विझतं; ते बटणांवरही विझेल. सकाळी मला हे टेबल द्या, कापण्याआधी कुणीतरी थर तपासा. दुपारी मी घरी जाऊन झोपेन. तेवढा पगार कापा."

"आजारी बाईचा पगार कापला, असं लोक म्हणतील."

"म्हणजे माझी कात्री काढून घेतली तर चालतं. पगार कापला की तुमची अब्रू जाते."

शिवणयंत्रे थांबली. मालकांचा हात तसाच पुढे होता. इतक्यात बाह्या जोडणारी उठली, टेबलाशी आली आणि अंथरलेल्या कापडाचे कोपरे एकेक करून उचलू लागली. "सुलट. उलट. सुलट. उलट. कापा, मास्तर."

मालकांनी पुढे केलेला हात मागे घेतला. तिचा राग शमला नव्हता. कात्री मात्र सरळ चालली.

तिची सकाळ निर्मळ राहो. दुपारी तिला निःशंक निद्रा लाभो. आणि भले करायला निघालेल्यांना आधी विचारण्याची बुद्धी होवो.