खुर्चीत बसायचं सोडून

कंगव्याच्या दातांत एकही केस नव्हता. त्याने तो उजेडाकडे धरला, पुन्हा पाण्यात बुडवला, फडक्याने पुसला — सकाळपासून तिसऱ्यांदा — आणि स्वतःवरच चिडला, कारण न वापरलेला कंगवा धुणं म्हणजे रिकामं ताट घासत बसण्यासारखंच.

मोठ्या मुलीला जुळं झालं त्या वर्षी तो इस्पितळातून निवृत्त झाला आणि जुळी रांगायला लागली तेव्हा त्याने आपल्याच गल्लीच्या तोंडाशी केस कापायचं दुकान काढलं. एक आरसा, एक खुर्ची आणि थांबणाऱ्यांसाठी एक बाक. चुकलं ते त्या बाकाचं. तीन आठवडे झाले, खुर्ची कोरी आणि बाकावर मुंगीला शिरायला जागा नाही. लोक यायचे, पंखा वाढवायला सांगायचे, त्याचं वर्तमानपत्र त्याच्याआधी वाचायचे आणि जाताना त्याच्या आरशात वाकून भांग पाडायचे — स्वतःच्या खिशातल्या कंगव्याने.

आज तर कहर झाला. समोरचा इस्त्रीवाला आला आणि ऐसपैस बसला. मानेवर बारीक केस चिकटलेले, कानामागे साबणाचा फेस वाळलेला. चौकातल्या दुकानात केस कापून आला होता, आणि तिथे बसायला जागा नसते म्हणून गप्पा मारायला इथे! डावा कल्ला उजव्यापेक्षा बोटभर वर... दुकानवाल्याचे हात शिवशिवायला लागले.

"कल्ले एकसारखे नाहीत तुझे."

"असू द्या हो काका. बायको एकाच बाजूने बघते."

बाकावर हशा पिकला.

"माझ्याकडे का नाही आलास? चार पावलांवर तर आहे."

इस्त्रीवाला वर्तमानपत्रात शिरला. मग पानाआडूनच म्हणाला, "राग मानू नका काका. आमच्या बाबांना शेवटचा वस्तरा तुमचाच लागला होता ना... तुमचा हात मानेवर आला की मला तेच आठवणार."

"माझं पोट तुम्हीच भादरलं होतं," शेजारचा पेन्शनर म्हणाला, जणू कौतुक करत होता. "तेव्हापासून तुम्ही दिसलात की आधी टाके ओढल्यासारखे होतात."

म्हणजे हे असं होतं तर! एकतीस वर्षं त्याने ऑपरेशनच्या आधी रोग्यांचे केस काढले — कुणाचं पोट, कुणाची छाती, कुणाचं डोकं. कापायचे डॉक्टर, टाके घालायचे डॉक्टर, आणि नाव कुणाचं, तर माझं. दहातले नऊ आपल्या पायांनी घरी गेले ते कुणी धरत नाही. हा पेन्शनर ढेरी सावरत समोर बसलाय, तो काय वर जाऊन परत आलाय? आणि घरी बायको म्हणते, रंगीत दिवे लावा, गिऱ्हाईक येईल. दिव्यांचं काय सांगतेस मला... दिवे तर ऑपरेशनच्या खोलीतही होते, डोळे दिपतील असे.

दुपारी बाक रिकामा झाला तेव्हा थोरला भाऊ आला. त्याचे केस कॉलरवर उतरले होते. चौकातल्या दुकानात तो लाजेपोटी जात नव्हता, आणि इथे बसत नव्हता तो कशापोटी, हे आज सकाळी कळलं होतं.

"बस, दादा."

"बसलो की," असं म्हणत तो बाकावरच टेकला. मग म्हणाला, "डॉक्टरांनी मंगळवार दिलाय. छातीचं ऑपरेशन. तिथे आता कुणी नवा माणूस आहे म्हणे. तू ये त्या दिवशी. मला दुसऱ्याचा हात नको."

"वा! तिथे माझा हात चालतो, आणि इथे चालत नाही?"

"तिथलं वेगळं रे."

"काय वेगळं? वस्तरा तोच, मी तोच."

"ओरडू नकोस. गल्लीतले लोक बघतायत."

"बघू देत. तीन आठवडे दुसरं करतायत काय?" आणि मग तोंडातून गेलंच, "आज खुर्चीत बसलास तर मंगळवारी येईन. नाहीतर तुझं तू बघ."

बोलल्या क्षणी त्याला स्वतःची लाज वाटली. शब्द परत घ्यावेसे वाटले. पण घेतले नाहीत.

भाऊ उठला, खुर्चीत बसला. डोळे घट्ट मिटले, खुर्चीचे दोन्ही हात आवळून धरले. याने भावाच्या गळ्याभोवती कापड बांधलं, कात्री घेतली. हात छान चालत होता. डोक्यावरचा भोवरा अजून तसाच — ओढा ओलांडताना भाऊ खांद्यावर घ्यायचा तेव्हा हाच भोवरा मुठीत धरून बसायचो मी, आणि तो ओरडायचा, उपटशील रे, उपटशील... आता किती विरळ झालाय... आणि तेवढ्यात त्याला एक आवाज ऐकू आला, खालच्या पट्टीतला, सपाट.

"हलू नका. दोन मिनिटांत सुटाल. घाबरण्यासारखं काही नाही."

आवाज त्याचाच होता. ज्याच्याशी जन्मभर अरे-तुरेत बोलला, त्या भावाला तो म्हणत होता, हलू नका.

कात्री हवेतच थांबली. त्याने दुकानाकडे पाहिलं. भिंती पांढऱ्या, रंग त्यानेच निवडला होता. कापड पांढरं, मागे नाडी बांधायचं. हत्यारं ट्रेमध्ये एका ओळीत, फडक्याखाली झाकलेली. हे असं मांड म्हणून कुणी सांगितलं होतं? इस्त्रीवाल्याने? बायकोने? सकाळपासून जपून ठेवलेला राग कुणावर तरी काढायचा होता, आणि आता तो नुसता हातात धरून उभा होता.

भावाने एक डोळा उघडला. "थांबलास का? झालं?"

"नाही दादा. बरंच राहिलंय अजून. मान जरा खाली घे."

राहिलं फारसं नव्हतं. पण तो कापत राहिला, एकेक बट बोटांत धरून, सावकाश, आणि भावाची बोटं खुर्चीवरून कधी सुटतात ते बघत राहिला.

मंगळवारी भावाच्या छातीवरचे केस त्यानेच काढले. ऑपरेशन झालं, आणि नीट झालं. थोरला भाऊ शुक्रवारी सकाळी इस्पितळातच वारला, सात वाजायला दहा मिनिटं असताना.