फ्लूगाच्या तोंडातली कडी

फ्लूगाचं तोंड फार नाजूक होतं. लगाम जरा ओढला की ती डोकं आकाशाकडे फेकायची, जबडा वासायची आणि तशीच तोंड उघडं टाकून पळत सुटायची. ओद्दुरने चौतीस घोडे माणसाळवले होते, पण असं तोंड त्याने पाहिलं नव्हतं. आणि घोडी काही साधीसुधी नव्हती. तिची तोल्ट चाल अशी की स्वाराच्या हातात काठोकाठ भरलेला पेला द्या, थेंब सांडणार नाही. अशी घोडी, आणि कडी तोंडात गेली की भूत संचारल्यासारखी! कडी म्हणजे लगामाची, तोंडात बसते ती. ओद्दुरच्या तबेल्यात खुंट्यांवर अकरा कड्या लटकत होत्या. रबराची झाली, जाड झाली, सरळ दांडीची झाली. जाड कडी घोड्याला मऊ लागते असं त्याला त्याच्या बापाने शिकवलं होतं, म्हणून त्याने सगळ्यात जाड कडी घातली, तर फ्लूगाने त्याला सरळ ओढ्यात नेऊन पाडलं.

शेवटी मार्चमध्ये त्याने विब्केला बोलावलं. विब्के मूळची जर्मनीची, होल्स्टाइनकडची. पंचेचाळीस वर्षांची, एकटी. सहा वर्षांपूर्वी स्काउलारदालच्या दरीत आली, आणि अश्वमंडळाने तिला शाळेजवळचं जुनं घर भाड्याने दिलं. खोगिरं शिवायची, पट्टे दुरुस्त करायची, कुणाच्या घोड्याला कुठली कडी बसेल ते सांगायची. दरीतल्या प्रत्येक घोड्याच्या तोंडात तिची बोटं जाऊन आलेली.

तिने फ्लूगाच्या ओठांच्या कोपऱ्यातून अंगठा आत घातला, आणि घोडी शांत उभी राहिली.

"अरे बाबा, जागा कुठे आहे इथे?" विब्के म्हणाली. "जीभ बघ, केवढी जाड. टाळू खाली आलेला. आणि दातांच्या मधलं हे हाड, सुरीच्या धारेसारखं. तू जाड कडी कोंबतोस, ती बिचारी गुदमरते. हिला बारीक दांडी पाहिजे, मध्ये दोन सांध्यांची, जिभेवर वाकणारी."

"कुठे मिळेल?"

"नवी मागवावी लागेल. सहा आठवडे. तोवर हिच्या तोंडात काही घालू नकोस. आराम दे."

सहा आठवडे! आता ओद्दुर हा काही साधा शेतकरी नव्हे. अश्वमंडळाचा अध्यक्ष, आणि गेली अठरा वर्षं डोंगराचा राजा. सप्टेंबरमध्ये सगळी दरी घोड्यांवर बसून डोंगरात मोकळ्या सोडलेल्या मेंढ्या गोळा करायला जाते, तेव्हा सगळ्यांच्या पुढे असतो तो राजा. कुणी कुठल्या कड्यावर जायचं ते तो सांगतो आणि कुणी उलट बोलत नाही. यंदा फ्लूगावर बसून जायचं असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. माणसाने एकदा असं ठरवलं की सहा आठवडे म्हणजे सहा वर्षं वाटतात.

ईस्टरला तो लेकीकडे गेला. सोलरून जर्मनीत घोड्यांच्या तबेल्यावर काम करायची. तिथल्या भिंतीवर त्याला हवी तशी कडी दिसली. बारीक, दोन सांध्यांची, दांडी जिभेच्या आकाराने वाकलेली, वापरून वापरून गुळगुळीत झालेली. त्याने ती हातात घेतली आणि खाली ठेवेना.

"बाबा, ती नको," सोलरून म्हणाली. "दुकान उघडलं की आपण नवी घेऊ."

"दुकान मंगळवारी उघडणार. माझं विमान उद्या."

"मग मी पोस्टाने पाठवते. बाबा, तुम्हीच तर त्या पाट्या लावता!"

खरंच होतं. घोड्यांचं वापरलेलं सामान परदेशातून आणायचं नाही. लगाम नाही, हातमोजे नाहीत, काही नाही. आमच्या बेटावरच्या घोड्यांना बाहेरचे रोग ठाऊकच नाहीत, एक शिंक आली तर अख्खा कळप आडवा होईल. हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. दरीच्या तोंडाशी लाल अक्षरांची ती पाटी ओद्दुरने स्वतःच्या हाताने ठोकली होती. परदेशी पाहुण्यांच्या बुटांकडेही तो संशयाने बघायचा. आणि त्याच ओद्दुरने ती कडी लोकरी मोज्यात गुंडाळली आणि कोटाच्या आतल्या खिशात घातली. घरी जाऊन उकळली की झालं, असं तो स्वतःला म्हणाला. एवढीशी तर कडी.

घरी आल्यावर त्याने पाणी ठेवलंही. पण मेंढ्या विण्याचे दिवस, पाणी कोमट होतं न होतं तोच गोठ्यातून ओरडा ऐकू आला, कोकरू आडवं आलं होतं. दोन तास त्यातच गेले. परत आला तेव्हा ऊन पडलं होतं, फ्लूगा कुंपणाशी उभी होती. त्याने कडी विजारीला पुसली आणि तिच्या तोंडात घातली.

काय सांगावं! घोडी बदललीच. मान खाली, कान पुढे, ओठ मिटलेले. ती तोंडातल्या तोंडात कडी हळूच चाळवत चालत होती. ओद्दुरच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

जूनमध्ये मंडळाची सहल निघाली. चाळीस घोडे, एकच पाण्याचा हौद. फ्लूगाची चाल बघून सगळे थक्क. केटिल, पलीकडच्या शेतावरचा, जोरात बोलणारा आणि त्याहून जोरात हसणारा, घोडा शेजारी घेऊन म्हणाला, "राजे, कुठून आणलीत ही कडी?"

"रेक्याविकहून," ओद्दुर म्हणाला. खोटं इतक्या सहज तोंडातून निघालं की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात फ्लूगा खोकली.

गवताची धूळ असेल, असं ओद्दुर मोठ्याने म्हणाला. तिथे ऐकायला कुत्र्याशिवाय कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिच्या नाकातून पिवळं वाहायला लागलं. त्याने कडी काढली आणि गोठ्यामागच्या शेणाच्या ढिगात हातभर खोल पुरली. पुरताना त्याने दोनदा मागे वळून पाहिलं. स्वतःच्या शेतात, भर दिवसा, चोरासारखा.

महिन्याभरात दरी खोकत होती. केटिलच्या लाडक्या घोडीचं शिंगरू गेलं, तीन आठवड्यांचं. एरवी सगळ्यांना चिडवणारा केटिल त्या दिवशी कुंपणाला टेकून लहान मुलासारखा रडला, आणि ओद्दुरने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात त्याला पुढे कितीतरी दिवस आपलाच वाटला नाही.

पशुवैद्य आउसगेर्दुरबाई गावोगाव फिरून विचारू लागल्या, कुणी बाहेरून काही आणलं का? आणि मग लोकांना आठवलं. विब्के! एप्रिलमध्ये आईच्या मयताला जर्मनीला गेली होती. परत आल्यावर हिचीच बोटं सगळ्यांच्या घोड्यांच्या तोंडात. हिशेब सोपा होता. ओद्दुरही गेला होता हे सगळ्यांना माहीत होतं, पण ओद्दुरवर संशय? छे! पाट्या ठोकणारा माणूस!

विब्केला तोंडावर कुणी काही बोललं नाही. आमच्याकडे बोलत नाहीत. फक्त तिला कुणी बोलवेनासं झालं. दुकानात ती आली की लोक डबे वाचायला लागायचे. ओद्दुरने रोज ठरवलं, आज जाऊन सांगतो. रोज गाडी शाळेपर्यंत नेली आणि तिथून वळवली. एकदा तिने खिडकीतून हात केला, तर त्यानेही हात केला. त्या हात करण्याची त्याला जेवढी लाज वाटली तेवढी खोटं बोलण्याचीही वाटली नव्हती.

ऑगस्टच्या तिसऱ्या रविवारी, दुपारी तीनला, दरीच्या सभागृहात बैठक ठरली. केटिलनेच मागणी केली होती. मंडळाचं घर विब्केकडून काढून घ्यावं, तिने दरी सोडावी. कॉफी, गोड तळलेल्या क्लैनुर, धुरावलेल्या मटणाच्या भाकऱ्या, सगळं मांडलेलं. विब्के शेवटच्या रांगेत, अंगावर कोट तसाच ठेवून. आणि अध्यक्षाच्या खुर्चीत ओद्दुर. मत त्यानेच मागायचं होतं.

"मला त्या बाईचं वाईट चिंतायचं नाही," केटिल उभा राहून म्हणाला. आवाज खाली होता, तेच जास्त भयंकर होतं. "पण माझं शिंगरू गेलं. यंदा डोंगरात पायी जावं लागणार, निम्म्या मेंढ्या बर्फात राहतील. कुणीतरी जबाबदार असेल ना? राजे, मत घ्या."

ओद्दुर उठला.

"मत घ्यायची गरज नाही," तो म्हणाला. "कडी मी आणली. सोलरूनकडून, मोज्यात गुंडाळून. वापरलेली. फ्लूगाच्या तोंडात घातली, आणि सगळ्यांत आधी फ्लूगाच खोकली. मी लपवलं. विब्केचा काही संबंध नाही."

पहिल्या रांगेतल्या एका म्हातारीने हुंदका दिला. "बघा बाई, याला म्हणतात राजा," ती म्हणाली. "त्या बाईला वाचवायला स्वतःवर घेतोय!"

"नाही हो, खरंच—"

"मग दाखवा ना ती कडी!" मागून कुणीतरी ओरडलं. "कुठे आहे?"

"शेणाच्या ढिगात."

सभागृहात हशा पिकला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच लोक हसत होते. केटिलसुद्धा मान हलवत हसला. "राजे, खोटं बोलणं तुम्हाला जमायचं नाही," तो म्हणाला. "तुमचं मन मोठं आहे, आम्हाला माहीत आहे." कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच.

आणि त्या टाळ्यांमध्ये ओद्दुरच्या अंगातून काहीतरी सुटलं. गरम, सैल, सुखाचं. सांगून तर झालं होतं. त्यांना पटलं नाही, त्याला तो काय करणार? माणसाने किती वेळा सांगायचं?

"तो खरं बोलतोय," विब्के म्हणाली.

टाळ्या थांबल्या.

"जूनमध्ये मी पट्टा शिवायला गेले होते तेव्हा ती खुंटीवर पाहिली. दांडीवर दातांच्या खुणा होत्या, खोल. फ्लूगाने महिन्याभरात एवढं चघळलेलं नाही. ती दुसऱ्या कुठल्या तरी घोडीची होती, कित्येक वर्षं. आणि रिंगांवर आमच्या होल्स्टाइनकडच्या लोहाराचा छाप. आउसगेर्दुरबाई, ढीग उकरा, सापडेल तुम्हाला."

आउसगेर्दुरबाईंनी वही उघडली. केटिलचं हसू अजून ओठांवरच होतं, ते काढायला त्याला वेळ लागला.

"तुला माहीत होतं?" तो विब्केला म्हणाला. "जूनपासून? मग बोलली का नाहीस?"

"तो स्वतः सांगतोय, तरी तुम्हाला पटत नाही," विब्के म्हणाली. "मी सांगितलं असतं तर?"

केटिल ओद्दुरकडे बघत राहिला. शिव्या दिल्या असत्या, कॉलर धरली असती तर ओद्दुरला बरं वाटलं असतं. केटिलने टोपी घेतली, आणि ओद्दुरच्या खुर्चीला वळसा घालून तो बाहेर गेला. बाकीचे एकेक करत त्याच्यामागे गेले. भाकऱ्यांना कुणी हात लावला नव्हता. त्या म्हातारीने आपलं ताट उचलून परत नेलं.

ओद्दुर बाहेर आला तेव्हा विब्के गाडीचं दार उघडत होती. मागच्या सीटवर शिवणाचं यंत्र आणि खोकी होती. मत काय पडणार याबद्दल तिला शंका नव्हती तर.

"विब्के, आता जायचं कारण नाही," तो म्हणाला. "घर तुझंच आहे. मी सगळ्यांच्या घरी जाऊन सांगेन."

"सांग."

"मी चुकलो. भ्यालो. तुझ्या दाराशी किती वेळा येऊन परत गेलो, तुला कल्पना नाही."

"आहे. खिडकी रस्त्यावरच आहे."

त्याला चेहरा कुठे लपवावा कळेना. "पण शेवटी सांगितलं ना मी," तो म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाच लहान मुलासारखा वाटला. "सगळ्यांसमोर उभा राहून सांगितलं. एवढं तरी जमेस धरशील ना?"

विब्के त्याच्याकडे बघत राहिली. रागाने नव्हे. घोड्याच्या तोंडात अंगठा घालून ती जशी नीट, सावकाश बघायची तशी.

"सांगितलंस," ती म्हणाली. "आणि टाळ्या वाजल्या तेव्हा तू खाली बसायला लागला होतास, ओद्दुर. मी बोलले तेव्हा तुझे गुडघे वाकलेले होते."

ते खरं होतं. तिच्याशिवाय ते कुणी पाहिलं नव्हतं.

ती गाडीत बसली आणि दार लावून घेतलं. गाडी शाळेच्या रस्त्याला न वळता सरळ दरीबाहेर निघाली, आणि कुरणातला कुठला तरी घोडा खोकला.