चारीच्या वळणावरचा दुसरा गिअर

लेकीचं, नीलमचं लग्न झालं ते २०१८ साल. मांडवाचे वासे अजून परत गेले नव्हते, तोवर मारुतरावांनी आपला जुना ट्रक विकला आणि पुण्याच्या एका डॉक्टरांकडून लाल रंगाची, दोनच सीटची, वीस वर्षं वापरलेली परदेशी गाडी दारात आणून उभी केली. इनामगावच्या अलीकडं, घोड नदीच्या काठाला त्यांची वस्ती. गाडी बघायला सगळी वस्ती लोटली. गाडी एवढी बुटकी, की तिच्याशेजारी उभी असलेली शेळीसुद्धा तालेवार दिसत होती.

"आप्पा, हिच्यात कांद्याची गोणी कुठं ठिवायची?" शेजारच्या हौसरावानं विचारलं. हौसराव तोंडाचा फटकळ.

"न्हाई ठिवायची," मारुतराव म्हणाले. "चाळीस वर्षं पाठीवर वझं घेऊन गाडी हाकली. आता मागं कायबी नसलेली गाडी चालवायचीय."

"आन् ह्या दुसऱ्या सीटवर कोण?"

मारुतरावांनी दाराच्या आड उभ्या असलेल्या बायकोकडं, साळूबाईकडं एकदा पाहिलं. साठीला टेकलेली बाई, पण तेवढ्यानंही तिचे कान तापले आणि ती आत निघून गेली.

दर रविवारी मारुतराव विचारायचे, "येतीस का? दौंडला जाऊ, स्टेशनाबाहेर चहा घेऊ, माघारी येऊ." आणि दर रविवारी साळूबाई म्हणायची, "लोक काय म्हणतील? पुढच्या वेळंला बघू." मग ते एकटेच जायचे. ती निवडायला धान्य घेऊन बसायची, पण कान मात्र रस्त्याकडं असायचे. उन्हं कलली की कालव्याच्या चारीवरल्या पुलाजवळच्या वळणावर गाडी यायची, आणि तिथं तिसऱ्यावरून दुसऱ्या गिअरला येताना आवाज व्हायचा — खर्रर्र! दगडावर कुऱ्हाड घासल्यासारखा. साळूबाई सूप खाली ठेवायची आणि चहाचं आधण ठेवायला उठायची.

हा आवाज काही नवा नव्हता. तिचं लग्न झालं तेव्हा मारुतराव दौंडला रेल्वेच्या माल धक्क्यावरून खताची पोती उचलून ट्रकनं गावोगाव पोचवायचे. दोन-दोन, तीन-तीन दिवस घराबाहेर. सासूसासऱ्यांच्या देखत बायकोला हाक मारायची चाल नव्हती. नाव घेणं तर लांबच. पहिल्या खेपेला त्यांनी वळणावर भोंगा वाजवला. सासूबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "आलं गं तुझं वाजंत्री! जा, ओवाळायला जा." साळूबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढच्या खेपेपासून भोंगा बंद. त्याच्याऐवजी वळणावर गिअर वाजू लागला. खर्रर्र! ओसरीवर बसलेले सासरे कपाळाला हात लावायचे. "इतकी वर्षं गाडी चालवतोय, आन् ह्याला अजून गिअर टाकता येत न्हाई!" मारुतरावांनी ते बोलणं निमूट ऐकून घेतलं, एकदा नाही, बाप जिता होता तोवर. खरं काय ते फक्त साळूबाईला ठाऊक होतं. गावातला सगळ्यात हलक्या हाताचा ड्रायव्हर आपल्यापायी बदनाम होतोय, याचं तिला वाईट वाटायचं आणि बरंही वाटायचं.

सासूसासरे गेले, पोरं मोठी झाली, ट्रक गेला, लाल गाडी आली. खूण मात्र तीच राहिली.

पण ट्रकची गोष्ट वेगळी आणि ह्या गाडीची वेगळी. तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात दुसरा गिअर अडायला लागला. टाकला तरी बाहेर यायचा. मग शिरूरहून हनुमंत मेकॅनिक वस्तीवर आला. गाडी जॅकवर घेतली, गिअरबॉक्सचा बोल्ट सोडला आणि तेल घमेल्यात काढलं. साळूबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि घमेल्याकडं बघतच राहिली. काळ्या तेलात सोन्याचा चुरा मिसळावा तसं काहीतरी चकाकत होतं.

"ह्ये काय रं बाबा, हनुमंता?"

"पितळ हाय, काकी. आत पितळंची रिंग असती. गिअर पडायच्या आधी ती दोन चाकांचा येग सारखा करती, मग दात दातात बसतात. तिला जरा दम द्यावा लागतो, थांबून गिअर टाकावा लागतो. आप्पा दम देत न्हाईत, हिसडून टाकतात. मग ती झिजून झिजून अशी तेलात उतरती."

मग मारुतरावांकडं वळून तो म्हणाला, "आप्पा, रागावू नका, पण ट्रकचा हात हाय तुमचा. ह्यो ट्रक न्हाई. ह्या गाडीची रिंग आता कुठं मिळत न्हाई, मी मुंबईपतूर इचारलं. असंच वाजवत राहिलात तर दुसरा गिअर कायमचा गेला म्हणून समजा. हात हलका करा."

मारुतरावांनी मान हलवली. बापाचं बोलणं ऐकताना हलवायचे, तशीच. साळूबाईच्या ओठावर आलं होतं की अरे, ह्यांच्यासारखा हात तुला सात जन्मात यायचा नाही. पण सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागलं असतं. ती घमेल्यातल्या त्या चुऱ्याकडं बघत राहिली. एवढ्या रविवारच्या हाका तिथं तळाला बसल्या होत्या.

जेवताना ती म्हणाली, "आता वाजवू नका."

"मग तुला कळायचं कसं?"

"फोन हाय की."

"फोनवर काय, लाईट बिलवालाबी बोलतो," मारुतराव म्हणाले आणि भाकरी मोडत बसले.

पुढच्या रविवारी गाडी वळणावरून मुकाट आली. साळूबाई मागं कांद्याच्या चाळीत होती. ती पुढं आली तेव्हा मारुतराव अंगणात उभे होते, पाहुण्यासारखे, पायातली चप्पल काढावी की नाही अशा विचारात. चूल थंड, म्हणजे गॅस बंद. दोघंही हसले, पण त्या हसण्यात जीव नव्हता. त्याच्या पुढच्या रविवारी तेच. मारुतराव गाडीवर कापड टाकताना जरा जास्तच वेळ लावू लागले. गाडी वाचत होती, पण रविवार वाचत नव्हता.

मग एका रविवारी मारुतराव किल्ली घेऊन बाहेर आले, तर साळूबाई नीलमच्या लग्नातलं हिरवं लुगडं नेसून गाडीपाशी उभी. त्यांनी दुसऱ्या सीटचं दार उघडलं. बसताना तिला वाटलं आपण विहिरीतच उतरतोय, इतकी सीट खाली.

पारावर हौसराव होताच. "वहिनी, लगीन लागलं का पुन्यांदा?"

"व्हय भावजी," साळूबाई काच खाली करून म्हणाली. "जेवायला या संध्याकाळी. आहेर मातूर आणा, मागल्या येळंला नुसतं जेवून गेलावता."

पारावर हशा पिकला. तिच्या मनात आलं, एवढ्याला भ्यायलो होतो होय आपण?

रस्त्यानं ती त्यांच्या हाताकडं बघत होती. क्लच दाबायचे, गिअर मोकळा करायचे, क्लच सोडून जराशी रेस द्यायचे, पुन्हा क्लच दाबायचे आणि लिव्हर आपोआप जागेवर जायची, पाण्यात तांब्या बुडावा तशी. झिजलेल्या रिंगेला त्रास नाही की आवाज नाही. जुन्या ट्रकवाल्यांची ही रीत. लग्न होऊन दौंडहून निघाली तेव्हा ती याच हाताशेजारी, ट्रकच्या केबिनमध्ये झोपी गेली होती आणि थेट दारात जागी झाली होती.

भीमेचा पूल ओलांडून दौंडला गेले. स्टेशनाबाहेर चहा घेतला. मालगाडीचे डबे मोजत उभं राहिलेल्या एका म्हाताऱ्याशी मारुतराव उगीचच गप्पा मारत बसले. साळूबाईला हे सगळं काल व्हायला हवं होतं असं वाटलं. आणि काल म्हणजे चाळीस वर्षांपूर्वी.

येताना चारीचं वळण आलं. मारुतरावांनी गाडी बाजूला घेतली. तिथून त्यांचं घर दिसत होतं, लिंबाच्या झाडाआड, कुलूप लावलेलं. साळूबाईनं आपलं घर इथून कधी असं थांबून पाहिलंच नव्हतं. ती कायम त्या बाजूला होती.

"हितं गिअर वाजवला की थांबायचो जरा," मारुतराव म्हणाले. "थोड्या येळानं धूर वर यायचा. मग कळायचं, ऐकलं म्हणून. गॅस आला आन् तुझं उत्तर यायचं बंद झालं."

"आन् तरीबी वाजवत राहिला?"

"तू ऐकत हुतीस की."

साळूबाईनं पदरानं नाक पुसलं. "आज कुणाला वाजवताय? मी तर हितंच बसलीय."

"म्हणून तर न्हाई वाजवला," ते म्हणाले आणि हलक्या हातानं दुसरा टाकला.

पुढं दोन-एक वर्षं त्यांचे रविवार असेच गेले. मग मारुतरावांच्या छातीनं दगा दिला. दोन पावलं चालले की धाप लागायची. खाट ओसरीवर आली. मुलगा विश्वजीत रांजणगावला कंपनीत होता. सुट्टीला गाडी तोच चालवायचा, ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकलेल्या बेतशीर हातानं. गाडी वळणावरून कधी आली ते कुणाला कळायचंही नाही. मारुतराव मात्र त्या बाजूला तोंड करून पडलेले असायचे.

एकदा थंडीत साळूबाई विश्वजीतबरोबर औषधं आणायला शिरूरला गेली. यायला उशीर झाला. वळण जवळ आलं तसं ती म्हणाली, "विशू, हितं दुसरा टाक. दम देऊ नगं. हिसडून टाक."

"आई, हनुमंतमामानं बजावलंय. रिंग मिळायची न्हाई आता. गिअर कायमचा जाईल."

"जाऊ दे."

"आगं, पण कशासाठी?"

"टाक म्हणते ना."

विश्वजीतनं दात आवळून लिव्हर ओढली. खर्रर्र! चारीच्या कडेचे बगळे उडाले.

"थांब आता," साळूबाई म्हणाली.

गाडी थांबली. विश्वजीत आईच्या तोंडाकडं बघत होता आणि ती घराकडं. बराच वेळ काही झालं नाही. आणि मग लिंबाच्या झाडाआडून धूर उठला. दाट, पांढरा, सरळ.

घरी आल्यावर सून पूनम सांगत होती, "आत्या, आवाज झाला आन् आप्पा उठूनच बसले की. म्हणाले, बाहेरची चूल पेटव, उसाचं ओलं पाचट टाक. मी म्हणलं पाणी तापवायचंय का, तर न्हाई म्हणाले, नुसती पेटव."

साळूबाई बाहेरच्या चुलीपाशी गेली आणि त्या धुरातच तिनं चहा ठेवला.

गाडीचा दुसरा गिअर त्या दिवशी गेला तो गेलाच. विश्वजीत आता पहिल्यावरून एकदम तिसऱ्यावर जातो.

मारुतराव २०२४ सालच्या संक्रांतीनंतरच्या आठवड्यात, सकाळी, ओसरीवरच्या खाटेवर गेले.