एका वेळी एकच सूर

मुंबईहून आलेल्या पियानो दुरुस्तीवाल्याने झाकण उघडलं आणि आत टॉर्च मारला. मग रुमालाने मान पुसत म्हणाला, "बाई, तारांमागची लाकडी पाटी चिरली आहे. पार वरपासून खालपर्यंत. आता तारा कितीही ताणा, सूर राहायचा नाही."

कुसुमलताने मान हलवली. तिला हे मागच्या वैशाखापासूनच ठाऊक होतं, फक्त ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. जळगावच्या उन्हाळ्याशी ती लग्न झाल्यापासून भांडत होती. खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावले, पियानोच्या पोटात पाण्याची भांडी ठेवून पाहिली, दुपारी त्याच्यावर ओली चादर टाकली. सासूबाई चंदनबाई म्हणायच्या, इतकी काळजी माणसाची केली असतीस तर पुण्य लागलं असतं.

पुण्याच्या कॅम्पात तिच्या वडिलांचं कागदाचं दुकान होतं आणि दुकानाच्या माडीवर मिस रोडा नावाच्या पारशी बाई पियानो शिकवायच्या. कुसुमलता लहानपणी जिना चढून वर गेली ती लग्नापर्यंत खाली आलीच नाही म्हणा ना. ज्यांची प्रशस्तिपत्रं विलायतेहून येतात अशा सगळ्या परीक्षा तिने दिल्या. जळगावच्या डाळमिलवाल्या हस्तीमलजींच्या घरचं स्थळ आलं तेव्हा तिने एकच अट घातली होती, पियानो बरोबर येईल. होणाऱ्या नवऱ्याने, सुभाषचंदने, ती हसत मान्य केली. पुढे तो लोकांना मोठ्या ऐटीत सांगायचाही, "आमच्याकडे पियानो आहे." तो वाजवते कोण, हे सांगायचं मात्र त्याच्या लक्षात राहत नसे.

दुरुस्तीवाला गेल्यावर सासरे हस्तीमलजी बैठकीत आले. कुसुमलताने पदर पुढे ओढला.

"बींदणी, दुसरा मागव," ते सुनेला म्हणाले.

"बाबूजी, दुसराही इथं असाच मरेल."

"मग विजेवरचं काहीतरी घे. हल्ली सगळं विजेवर निघालंय."

ते सहज बोलून गेले, पण सुभाषचंदने ती गोष्ट मनावर घेतली. आठवड्याभरात तो बातमी घेऊन आला. धुळ्याला तोताराम नावाच्या माणसाची ऑर्केस्ट्रा पार्टी होती. लग्नात, गणपतीत वाजवायची. तोताराम आता मंडप आणि लाउडस्पीकरच्या धंद्यात शिरला होता आणि वाद्यं काढून टाकत होता. त्याचा एक मेहुणा बोटीवर कामाला होता, त्याने परदेशातून दोन विजेची वाद्यं आणून दिली होती.

"दोन्ही बघ, तुला आवडेल ते घे," सुभाषचंद म्हणाला. कुसुमलताला बरं वाटलं. लग्नानंतर कुठली वस्तू निवडायला तिला कुणी नेलं नव्हतं.

दोघं गाडीने सकाळीच निघाले. धुळ्यात आग्रा रोडला लागून असलेल्या एका कापसाच्या जिनिंगच्या गोदामावर तोतारामची तालमीची खोली होती. पत्र्याचं छप्पर, भिंतीला टांगलेले चमकीचे कोट. तोताराम उत्साहाने फुलून गेला होता. त्याने आधी एका छोट्या पेटीवरचं कापड ओढलं. काळी पेटी, वर बटणांची रांग, खाली अडीच-तीन सप्तकांच्या पट्ट्या.

"हाऊ सिंथेसायझर शे, ताई. बठ्ठा खान्देशमा दुसरा नही." अख्ख्या खान्देशात एकच, असं तो अहिराणीत सांगत होता.

त्याने एक बटण फिरवलं. पेटीतून वाऱ्याची शीळ निघाली. दुसरं फिरवलं, तर पाखरू बोलल्यासारखं झालं, मग इंजिनाची शिटी, मग बासरी. सुभाषचंद पोरासारखा हसायला लागला. "अरे वा! कुसुम, बघ, बघ!"

कुसुमलता स्टुलावर बसली. पदर खोचला आणि दोन्ही हातांनी एक साधा स्वरमेळ धरला. खाली तीन सूर, वर दोन. पेटीतून एकच सूर आला.

तिने हात उचलले आणि पुन्हा ठेवले. पुन्हा एकच.

"बिघडलंय," ती म्हणाली.

"छे हो! ह्याच्यात एका वेळी एकच सूर वाजतो," तोताराम आता जळगावच्या पाहुण्यांसाठी पुस्तकी मराठीवर आला. "गाणाराही एका वेळी एकच सूर गातो की नाही? मग?"

तो चुकत नव्हता. त्याच्या गाण्याला एकच सूर लागायचा, तो त्या पेटीत होता. तिला लागायचं ते त्याच्या गावी नव्हतं.

दुसरा होता इलेक्ट्रॉनिक ऑर्गन. जरा मोठा, लाकडी, एका कडेचं पॉलिश उडालेला. ह्याच्यावर तिने हात ठेवले आणि सगळे सूर एकदम आले. तिला एवढं हायसं वाटलं की तिने लगेच मिस रोडांकडे बसवलेली एक संथ रचना सुरू केली. ती रचना कुजबुजल्यासारखी सुरू व्हायची आणि हळूहळू चढत जायची. पण इथे बोट अलगद ठेवलं तरी तेवढाच आवाज, जोर लावला तरी तेवढाच. तिने पट्टी जवळजवळ ठोकली. फरक नाही. पायाशी एक पेडल होतं, ते दाबलं की सगळंच्या सगळं एकदम मोठं व्हायचं, रेडिओचा कान पिरगाळावा तसं. आणि बोट उचललं की सूर जागच्या जागी तुटायचा.

वर्षानुवर्षं ती जे शिकली होती, मनगटाचा भार, खांद्यातून येणारं वजन, पाचही बोटांचा वेगळा वेगळा दाब, त्यातलं काहीच ह्या लाकडाला कळत नव्हतं. बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं तिला झालं. ती थांबली.

"याला दाब कळत नाही," ती नवऱ्याला म्हणाली.

"दोन्हीत काही ना काही असणारच," सुभाषचंद म्हणाला. त्याचं लक्ष काळ्या पेटीवर होतं. "हे नवं आहे, तो जुना दिसतोय. आणि ह्याच्यात बघ ना किती गमती! घरात कार्य असलं की लोक नुसते बघत राहतील."

"मला विचार करू द्या."

"अगं, त्यात विचार कसला? सवयीने जमेल."

एवढं म्हणून त्याने तोतारामच्या हातावर हात मारला. सौदा झाला. तोतारामने पेटी कापडात गुंडाळून गाडीत मागच्या सीटवर ठेवलीसुद्धा. "आवडेल ते घे" या वाक्याचं आयुष्य तिथवरच होतं.

परतीच्या वाटेवर पारोळं लागलं. तिथे सुभाषचंदने चहासाठी गाडी थांबवली. तो मजेत होता, शीळ घालत होता. तिने चहाचा ग्लास बोनेटवर ठेवला.

"गाडी वळवा."

"का? काही राहिलं का तिकडे?"

"मला ती पेटी नको. तो ऑर्गन हवा."

त्याला वाटलं ती थट्टा करते आहे. मग तिचा चेहरा पाहून तो गंभीर झाला. "कुसुम, मी शब्द दिलाय. आमच्या बाजारात असं चालत नाही."

"शब्द तुम्ही दिलात. वाजवायचं मला आहे."

"अगं पण तूच म्हणालीस ना, तो ऑर्गनही धड नाही?"

"नाहीच धड. दोन्ही मला नकोत. पण त्याच्यावर निदान दोन्ही हात ठेवता येतात. मला लहानपणापासून दोन हातांनी बोलायला शिकवलंय आणि तुम्ही मला एका बोटाची वस्तू आणून देता. वर सांगता, सवय होईल. काय सवय होईल? एक हात मांडीवर ठेवून बसायची?"

तिचा आवाज चढला होता. चहाच्या टपरीवरची माणसं वळून बघायला लागली. घरात तिने कधी इतकी वाक्यं एका दमात उच्चारली नव्हती, आणि इथे भर रस्त्यावर पदर खांद्यावर पडलेला होता. सुभाषचंद रागावला होता, हे उघडच होतं. पण त्याने उरलेला चहा ओतून दिला, गाडीत बसला आणि स्टिअरिंग धुळ्याच्या दिशेने फिरवलं.

तोताराम जेवायला बसत होता. गाडी परत आलेली पाहून त्याचा चेहरा उतरला. कुसुमलताने नवऱ्याला तोंड उघडायची वेळच येऊ दिली नाही.

"भाऊ, परत नाही करत आहोत. ह्याच्या बदल्यात तो ऑर्गन द्या."

"पन हाऊ नवा शे, ताई! तो जुना शे!" तोताराम भाकरी हातात धरूनच उठला. हिच्या डोक्यात काय आहे ते त्याला उमगेना. नवं टाकून कुणी जुनं मागतं? मग आपला फायदाच आहे हे लक्षात आल्यावर मात्र तो भराभर कामाला लागला, बाईचं मन पुन्हा फिरण्याच्या आत. ऑर्गन काही डिकीत मावेना. मागचा दरवाजा उघडा ठेवून, दोरीने बांधून तो कसाबसा जळगावला आला. व्यापाऱ्याने बायकोच्या सांगण्यावरून चांगला माल देऊन उतरता माल घेतला, हे सुभाषचंदला फार लागलं होतं.

खरा वैताग त्यानंतर सुरू झाला, कारण आता दोष द्यायला कुणी नव्हतं. ती जे काही वाजवू लागे ते सपाट होऊन बाहेर येई. ज्या रचनांवर तिचा जीव होता त्या ह्या वाद्यावर भोंग्यातून आल्यासारख्या वाटत. दुपारी गावातल्या मिली जोरात चालू असल्या की विजेचा दाब उतरे आणि अख्खा ऑर्गन बेसूर होऊन खाली घसरे. हस्तीमलजींनी फ्रिजला लावतात तसला स्टॅबिलायझर आणून दिला. सूर जाग्यावर राहिला, पण त्या स्टॅबिलायझरची घरघर सुरू झाली. चंदनबाई म्हणाल्या, एखादं स्तवन वाजव. तिने वाजवलं. सगळ्यांना आवडलं आणि तिला रडू आलं. एकदा तिने झाकण धाडकन आपटलं, तेव्हा सुभाषचंद पेपरमधून मान वर न काढता म्हणाला, "तूच निवडलास."

ते खरं होतं, म्हणूनच जास्त झोंबलं. पुढे कित्येक दिवस तिने झाकण उघडलं नाही.

पावसाळा सरता सरता भावाने पुण्याहून तिची राहिलेली स्वरलिपीची पुस्तकं पाठवली. त्यात एक फार जुन्या जर्मन रचनांचं होतं. पियानो जन्मायच्या आधीच्या काळातल्या. लहानपणी तिला त्या कोरड्या वाटायच्या, गणितासारख्या. एका दुपारी, काहीच करायला नव्हतं म्हणून, तिने त्यातलं पहिलं पान ऑर्गनवर लावलं.

डाव्या हातात एक ओळ, उजव्यात दोन. एक ओळ सुरू होते, दुसरी तिच्या मागून येते, पहिली मधे लांब सूर धरून थांबते. पियानोवर तो लांब सूर विरून जायचा. इथे तो विरला नाही. धरलेला तसाच राहिला आणि दुसऱ्या दोन ओळी त्याच्याभोवती फिरून गेल्या. कुसुमलता दचकून थांबली. पुन्हा सुरुवातीपासून घेतलं. ह्या वाद्याला बोट किती जोरात पडतं ते कळत नव्हतं, पण बोट कधी उठतं ते नेमकं कळत होतं. जरा आधी उचललं की ओळ श्वास घेई, उशिरा उचललं की पुढच्या सुराला चिकटे. मोठं-लहान काही नव्हतं, होतं ते फक्त धरणं आणि सोडणं. तेवढ्यावर तीन माणसं बोलत असल्यासारखं ऐकू येत होतं.

ती दिवेलागणीपर्यंत उठली नाही. बोटं चुकत होती, कारण उठण्याकडे लक्ष द्यायची त्यांना सवयच नव्हती. ती चिडत होती, पान पुन्हा उलटत होती.

सुभाषचंद मिलमधून आला. चपला काढून दारातच उभा राहिला. धुळ्याच्या त्या दिवसानंतर ती वाजवत असताना तो मुद्दाम ऐकायला कधी बसला नव्हता. आज आत येऊन खुर्चीवर बसला. थोड्या वेळाने वाजवणं मधेच तुटलं.

"संपलं?" त्याने विचारलं.

"नाही. पुढचा खालचा सूर ह्याच्यात नाहीच. पट्ट्या संपल्या."

"मग आता?"

"मग काय? एक सप्तक वर घ्यायचं आणि चिडायचं," ती म्हणाली आणि तिने तसंच केलं.