यंत्र अप्पांकडे, कार्ड मनोजशेठांकडे

आमच्या वाचनालयात बोलणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. वाचणारे मात्र एकेक करून, निरोप न घेता निघून गेले. सिडकोतल्या त्या दुमजली इमारतीत मी सहायक ग्रंथपाल म्हणून बसतो आणि खिडकीतून उतरणारे ऊन पुस्तकांच्या पाठींवरून सरकताना पाहतो. बहुतेक दिवशी तेवढाच एक वाचक येतो. दुसऱ्या वाचक सुलाबाई.

सुलाबाईंनी सिव्हिलमध्ये परिचारिका म्हणून आयुष्य काढले. निम्म्या सिडकोच्या दंडाला त्यांची सुई ठाऊक आहे. म्हणून निवृत्तीनंतरही सारे त्यांना ‘सिस्टर’च म्हणतात. अलीकडे त्यांच्या नजरेच्या मधोमध धुके साचू लागले आहे. छापील ओळ त्यांना धुरासारखी दिसते. अक्षरे पुरेशी मोठी असतील, तर आणखी काही काळ वाचता येईल, असे डॉक्टरांनी सांगितले होते. ‘काही काळ’ हे शब्द त्या फार शांतपणे उच्चारत, आणि मला तेव्हा कुठे पाहावे ते कळत नसे.

म्हणून ई-रीडर येणार असे ठरले, तेव्हा मी मनातल्या मनात फार हरखलो. त्याच्या पडद्यावर अक्षरे हवी तेवढी मोठी करता येतात.

ई-रीडर आला तो अध्यक्ष खंडेराव अप्पांच्या ओळखीतून, देणगी म्हणून. त्यात घालायचे मेमरी कार्ड कार्यवाह मनोजशेठांनी स्वखर्चाने आणले. अप्पा द्राक्षबागायतदार, मनोजशेठ कांद्याचे व्यापारी; वाचनालयाच्या मागच्या निवडणुकीपासून दोघांचे दोन गट पडले होते. स्वामित्वहक्क संपलेली जुनी पुस्तके एकेक निवडून मी त्या नखाएवढ्या कार्डात भरली. उद्घाटनाला नारळ फुटला, यंत्राला हळदीकुंकू लागले. अप्पांनी यंत्र उंचावून फोटो काढून घेतला, मनोजशेठांनी कार्ड उंचावून. फोटोत कार्ड दिसेना. त्याचे खापर फोटोग्राफरवर फुटले.

मग ताब्याचा प्रश्न निघाला.

“यंत्र आमच्या शब्दावर आलंय,” अप्पा म्हणाले. “ते इथल्या कपाटात राहील, किल्ली माझ्याकडं.”

“ठेवा की! कोरी पाटी ठेवा,” मनोजशेठ हसले. “पुस्तकं माझ्या खिशात आहेत.” आणि त्यांनी ते कार्ड पाकिटात सप्तशृंगीच्या फोटोमागे सरकवले.

उभयतांच्या उपस्थितीतच कार्ड यंत्रात घालावे, असा ठराव झाला. उभयता मात्र एकमेकांची उपस्थिती टाळण्यासाठीच वेळा ठरवत. अप्पा सकाळी फिरून येत, कपाट उघडत आणि सुलाबाईंच्या हाती यंत्र देत. “धरा सिस्टर, वाचा बिनधास्त!” सुलाबाई पडद्यावरची पुस्तकांची रिकामी यादी विनयाने न्याहाळून यंत्र परत करत. संध्याकाळी मनोजशेठ येत. “कार्ड तयार आहे बरं का सिस्टर,” ते पाकीट थोपटून म्हणत, “यंत्रवाल्यांना विचारा.”

असे आठवडे जात राहिले. एके दिवशी सुलाबाई म्हणाल्या, “सार्थक, खिडकीवरचा पडदा बदलला का रे? रंग ओळखू येईना.” पडदा बदललेला नव्हता.

पुढच्या मासिक सभेला दोघेही हजर होते. नियमानुसार यंत्र आले, कार्ड आले, कार्ड यंत्रात गेले. सभा वर्धापनदिनाच्या फलकावर कोणाचे छायाचित्र आधी, या विषयात रमली. मी यंत्र संगणकाला जोडले आणि कार्डातली सगळी पुस्तके यंत्राच्या आतल्या मेमरीत उतरवून घेतली. कोणाला विचारले नाही. विचारले असते, तर ठराव झाला असता.

सभेनंतर कार्ड पुन्हा पाकिटात गेले, यंत्र कपाटात, आणि दुसऱ्या सकाळपासून सुलाबाई वाचू लागल्या. एका पडद्यावर जेमतेम चार-पाच शब्द मावत; त्या ओठ हलवत वाचत आणि पान उलटताना बोट किंचित उचलून धरत, जणू कोणाची नाडी सोडत आहेत. अप्पा त्यांच्याकडे कौतुकाने पाहत. त्यांना वाटले, यंत्राला अखेर त्यांचा हातगुण लागला.

एके दिवशी बाजार बंद होता, म्हणून मनोजशेठ सकाळीच आले. दारातच थबकले. त्यांनी पाकीट काढले, देवीच्या मागे पाहिले. कार्ड होते. पुन्हा सुलाबाईंकडे पाहिले.

“पुस्तकं माझ्या खिशात आहेत,” ते ओरडले, “मग बाई वाचते काय?”

तातडीची सभा भरली. मी उभा राहिलो, खरे ते सांगितले.

“अप्पांचा माणूस!” मनोजशेठ म्हणाले.

“माझा?” अप्पा दचकले. “मला न सांगता करतो, तो माझा कसला? अन् उद्या असं कुणीही येऊन वाचील, मग किल्लीला अर्थ काय राहिला, शेठ?”

“तेच म्हणतो मी, अप्पा.”

कैक महिन्यांनी ते एकमेकांशी न भांडता बोलत होते. यंत्रातली पुस्तके तत्काळ पुसून टाकावीत, हा ठराव एकमताने मंजूर झाला. वाचनालयातले एकमत मी प्रथमच पाहिले, आणि ते पुस्तकांविरुद्ध होते.

सगळे वाचनकक्षात आले. मी हात पुढे केला.

“प्रकरण होऊ द्या एवढं,” सुलाबाई मान वर न करता म्हणाल्या. “राजा आजारी आहे. त्याला असा मध्येच टाकून उठू का?”

सिस्टरना नाही म्हणण्याची सवय कोणालाच नव्हती. दोघे खुर्च्या ओढून बसले. पान उलटले. पुन्हा उलटले. थोड्या वेळाने मनोजशेठांचा फोन वाजला. त्यांनी अप्पांकडे पाहिले आणि तो कापला. अप्पांच्या जेवणाची वेळ टळली. त्यांनीही मनोजशेठांकडे पाहिले आणि बसून राहिले. आपण उठलो, तर पुस्तकांसकट यंत्र दुसऱ्याच्या हाती पडेल, हे भय दोघांनाही सारखेच होते.

“झालं का, सिस्टर?” अप्पांनी विचारले.

“वैद्य आत्ता आलाय.”

बराच वेळ गेला. अप्पा पुढे वाकले. “मग? वाचला का राजा?”

“वाचून बघा की, अप्पा,” सुलाबाई म्हणाल्या. “वाचनालय तुमचंच आहे.”

अप्पांनी पंख्याकडे पाहिले. मनोजशेठ हसणार होते. पण सुलाबाईंनी मान त्यांच्याकडे वळवली आणि त्यांनीही पंख्याकडे पाहिले.

“सार्थक, डोळे शिणले रे. अक्षर आणखी मोठं होतं का?”

मी यंत्र हाती घेतले. पुस्तके पुसण्याची खूण आणि अक्षरे वाढवण्याची खूण शेजारीशेजारीच आहेत. दोन्ही गट माझ्या अंगठ्याकडे पाहत होते. मी अक्षरे वाढवली. आता पडद्यावर दोनच शब्द मावत होते आणि प्रकरण बरेच उरले होते. यंत्र त्यांच्या हाती देऊन मी दोघांसाठी चहा सांगायला गेलो.