गुरुवारचा आकडा

गुरुवारी अप्पांना दम लागत नाही, याचं सगळं श्रेय आईने दत्ताला देऊन टाकलं होतं. तीन वर्षांपूर्वी त्यांचा दमा सुरू झाला तेव्हा तिने गुरुवारचा उपास धरला, आणि खरोखरच गुरुवारी त्यांची छाती मोकळी असायची. ते दोन जिने न थांबता चढायचे, दिघीच्या बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन यायचे, जेवताना गप्पा मारायचे. शुक्रवारी संध्याकाळी छातीत पुन्हा शिट्टी वाजायला लागायची, आणि बुधवारपर्यंत वाक्य अर्ध्यावर सोडायची पाळी यायची. आई म्हणायची, एका दिवसाच्या उपासाने एवढं होतं तर सातही दिवस धरला असता, पण मग घरात कामाला उभं कोण राहणार. ती हे गमतीत म्हणत नव्हती.

मी योगिनी, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला, आणि या घरात कळतं ते फक्त मला, असा माझा तेव्हा समज होता. दमा मला पाठ होता. श्वासनलिका आतून सुजतात, भोवतीचे स्नायू आवळतात, चिकट कफ धरतो. निळा पंप आवळलेलं सैल करतो. रोज घ्यायचा दुसरा पंप सूज उतरवतो, आणि सूज उतरली तरच निळ्याची गरज कमी होते. अप्पांचं नेमकं उलटं. निळा कायम खिशात, कामावर जाताना दोन फवारे. रोजचा पंप मात्र देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर, खोक्यासकट. त्याची सवय लागते असं त्यांना कंपनीत कुणीतरी सांगितलं होतं. मी सांगितलेलं ते मान हलवून ऐकायचे आणि सोडून द्यायचे.

अप्पा म्हणजे ज्ञानदेव पेंटर. भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये ते गाड्यांचे बंपर रंगवायचे. ते बंपर पुढे चाकणच्या कारखान्यांत जात. बीडहून आल्यावर अकरा वर्षं ते तिथे हेल्परच होते. घासा, पुसा, उचला. मग जुना पेंटर काम सोडून गेला आणि स्प्रे गन यांच्या हातात आली, ती राहिलीच. त्यांच्या हाताखाली आता तिशीतला समाधान होता, रंग कडक व्हावा म्हणून त्यात हार्डनर मिसळून द्यायला. अप्पांनी मारलेल्या रंगाला ओघळ म्हणून सापडायचा नाही. रस्त्यात उभ्या गाडीकडे तिरकं बघून ते सांगायचे, हे दार मागाहून रंगवलंय. हेल्पर होते तोवर सगळे त्यांना 'ए बीड' म्हणायचे. गन आल्यापासून मालकसुद्धा ज्ञानदेवराव म्हणायला लागले. हे सगळं मला माहीत होतं. त्याचं मोल मात्र कळलं नव्हतं.

विजयश्री मॅडम आम्हाला मेडिकल नर्सिंग शिकवायच्या. त्यांनी केस स्टडी दिली: दम्याचा एक पेशंट घ्या, तीन आठवडे, दिवसातून चार वेळा त्याच्याकडून नळीत फुंकून घ्या आणि आकडे लिहा. ही नळी वीतभर, प्लास्टिकची. जोरात फुंकलं की तिच्यावरचा लाल काटा सरकतो; छाती जेवढी मोकळी तेवढा काटा पुढे. तीनदा फुंकायचं आणि त्यातला सगळ्यात मोठा आकडा तक्त्यात लिहायचा. मी अप्पांना निवडलं, कारण बाहेर पेशंट शोधायचे कष्ट नको होते.

अप्पा लगेच हो म्हणाले, याचंच मला नवल वाटायला हवं होतं. नळी डब्याच्या पिशवीत घालून ते कामावर न्यायचे. घरी गॅलरीत जाऊन, आमच्याकडे पाठ करून फुंकायचे. लेकीसमोर तोंड फुगवायची लाज वाटते म्हणायचे. फक्त गुरुवारी, एमआयडीसीला सुट्टी असायची तेव्हा, मी त्यांना खुर्चीवर बसवून काटा स्वतः बघायचे.

तीन आठवड्यांनी, एका बुधवारी, मी सुबक आलेख काढून मॅडमपुढे ठेवला. त्यांनी तो पाहिला, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिला. सोमवार तीनशे ऐंशी, तीनशे नव्वद, तीनशे ऐंशी, तीनशे नव्वद. मंगळवार तेच. शनिवार तेच. फक्त गुरुवार वेगळे: चारशे तीस, चारशे चाळीस, चारशे वीस, चारशे तीस. वडील कुठे कामाला आहेत, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

“दम्याचा माणूस इतका शिस्तीत फुंकत नाही, योगिनी,” त्या म्हणाल्या. “माझे वडील कारखान्यात लाइनवर होते. चेकशीट कशी भरतात ते मी घरात ऐकलंय.”

ऐकलं तर मीही होतं. रंगाच्या बूथचं तापमान, हवेचा दाब, रंगाची जाडी दर दोन तासांनी लिहायची असते. काम तुंबलं की सगळी चेकशीट शिफ्टच्या शेवटी एका बैठकीत भरायची, सगळे आकडे मर्यादेच्या आत. अप्पाच हे हसत हसत सांगायचे. ऑडिटच्या दिवशी कपाटातून फिल्टरचे मास्क निघतात आणि दुसऱ्या दिवशी परत आत जातात, एरवी तोंडाला रुमाल, हेही त्यांनीच सांगितलेलं. माझा तक्ता त्यांनी तसाच भरला होता.

मॅडमनी मग मला बसवून समजावलं. बंपरच्या रंगात जो हार्डनर असतो, तो काही जणांच्या छातीला सोसेनासा होतो, आणि एकदा तसं झालं की मग थोडासाही सोसत नाही. आकडा कामाच्या दिवसांत उतरत जातो का आणि सुट्टीला चढतो का, हे बघायचं आणि छातीच्या डॉक्टरांना दाखवायचं. माणूस जितक्या लवकर त्या रंगातून बाहेर पडेल तितकी सुधारायची आशा जास्त. खरे आकडे आण, म्हणाल्या.

बसमध्ये मी नुसती धुमसत होते. तो राग अप्पांच्या काळजीचा होता असं म्हणायला मला आवडलं असतं. पण माझा सुबक आलेख खोटा निघाला, याचाच तो होता.

साडेसातला अप्पा ओव्हरटाइम करून आले. मी दारातच उभी होते. ते वरच्या पायरीवर टेकले, हात गुडघ्यांवर रोवलेले, खांदे वर ओढलेले. मी तशातही विचारलं, तक्त्यात खोटे आकडे का लिहिलेत?

“थांब... जरा,” ते म्हणाले. पुढचा शब्द आलाच नाही.

आईने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, शिट्टी थांबली बघ, उतार पडतोय. शिट्टी वाजायलासुद्धा आत हवा जावी लागते. छाती एकदम गप्प झाली तर घाबरा, असं वर्गात सांगितलं होतं आणि मी त्याखाली लाल रेघही मारली होती.

स्पेसर, म्हणजे पंपाला लावायचा ते प्लास्टिकचं नळकांडं, मीच आणून फळीवर ठेवला होता. अजून पिशवीतच होता. पिशवी दातांनी फाडली. एक फवारा, सहा श्वास. पुन्हा एक फवारा, सहा श्वास. आई त्यांना आडवं करायला बघत होती, तिला थांबवलं; बसूनच राहू दे म्हटलं. खालच्या धम्मपालभाऊंनी रिक्षा काढली. रस्ताभर मी फवारे मोजत होते आणि अप्पांच्या ओठांचा रंग बघत होते. तेवढी भीती मला त्यानंतर वॉर्डात कुठल्याच पेशंटची वाटलेली नाही.

दवाखान्यात ऑक्सिजन, वाफ, इंजेक्शन सगळं झालं, आणि सकाळी ते उशीला टेकून चहा मागायला लागले. गुरुवार होता. आई बाहेरच्या बाकावर राजगिऱ्याचा लाडू फोडत होती. गुरुवार लागला आणि उतार पडला, असं ती निवांतपणे म्हणाली, आणि रात्रभर दाबून धरलेलं सगळं मी तिच्यावर काढलं. उपासाने नाही, सुट्टीने बरं वाटतं त्यांना. त्या दिवशी ते रंगात उभे नसतात, बास.

आईने लाडू कागदात परत बांधला.

“मग बाकीचे सहा दिवस मी काय करायचं?” तिने विचारलं.

ती मला टोमणा मारत नव्हती. तिला खरंच विचारायचं होतं. तीन वर्षं ती एकटीच काहीतरी करत होती आणि मी तेही काढून घेतलं. मला माझीच लाज वाटली. मी तिच्याशेजारी बसले आणि रोजच्या पंपाचं सांगितलं: सकाळी आणि रात्री, स्पेसरमधून, सावकाश, आणि नंतर चूळ भरायची. बरं वाटलं तरी सोडायचा नाही, गुरुवारीसुद्धा नाही. तिने ते माझ्याकडून दोनदा म्हणून घेतलं.

दुपारी अप्पांनी डब्याची पिशवी मागितली. डब्याखाली जुन्या चेकशीटचे कागद दुमडून केलेली वही होती. कागदांच्या कोऱ्या बाजूला तीन आठवड्यांचे आकडे, पेन्सिलीने, तारीखवार. शुक्रवार सकाळ चारशे दहा, शिफ्ट सुटताना तीनशे तीस. सोमवारी दोनशे ऐंशी. मंगळवारी अडीचशे. कालच्या बुधवारी एकशे नव्वद. गुरुवारच्या रकान्यांत आकडे नव्हते, तिथे फक्त 'योगिनी' लिहिलं होतं.

“पयल्याच आठवड्यात कळलं होतं मला,” ते म्हणाले. “पर खरं दिलं असतं तर तू गन काढून घेतली असती.”

“मग आता का देताय?”

“काल तू इचारलंस आन मला बोलताच आलं न्हाई,” ते म्हणाले. “लई वाईट वाटलं.”

त्रास देणाऱ्या पदार्थाशी संपर्क टाळावा, अशी एक ओळ आमच्या पुस्तकात आहे. परीक्षेत मी ती कितीदा तरी लिहिली आहे, तिला अर्धा गुण मिळतो. त्या संध्याकाळी केस स्टडीत ती लिहायला माझा हात होईना.

छातीच्या डॉक्टरांनी वही बघितली, तपासण्या केल्या आणि यांना रंगापासून लांब ठेवा अशी चिठ्ठी दिली. मालकांनी कुरकुर केली, पण अप्पांना डिस्पॅचला टाकलं, रस्त्यापलीकडच्या गाळ्यात. तिथे रंगाचा वास पोचत नाही. बंपर कागदात गुंडाळायचे आणि गाडीत चढवायचे. म्हणजे पुन्हा हेल्पर. गन समाधानकडे गेली. नावापुढचं 'राव' कधी गळालं ते अप्पांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पहिले दोन महिने ते घरात फारसे बोललेच नाहीत. यांचा श्वास वाचवला आणि बाकीचं सगळं काढून घेतलं, असं मला रोज वाटायचं. मॅडमनी केस स्टडीला चांगले गुण दिले, तेही मी घरी सांगितले नाहीत.

आता पाच महिने झाले. बुधवारचा आकडा चारशे वीस, गुरुवारचा चारशे तीस. आलेख बघून गुरुवार कुठला ते ओळखता येत नाही. आई उपास करतेच. पंपाच्या वेळाही तीच सांभाळते, आणि अप्पांनी चूळ भरली नाही तर चहा देत नाही.

परवा अप्पा कामावरून आले आणि माझ्या अभ्यासाच्या पाटाशी येऊन बसले. माझ्या कॉलेजात आणखी एक नळी मिळेल का, असं त्यांनी विचारलं. मला वाटलं, यांची बिघडली. मी ती मागितली, फुंकून पाहिली. काटा व्यवस्थित सरकत होता. चांगली तर आहे, म्हटलं.

“माझ्यासाठी न्हाई,” ते म्हणाले. “कोरा तक्ता बी दे. खरे आकडे लिहायला मी बसवतो त्याला. समाधानला बी गुरुवारी बरं वाटतंय म्हणं.”