देव दत्ताराम

उर्मिला मॅडमचा मला आजही राग येतो, आणि तो जायला नकोय.

२००७ साली भाईंदरला आमच्या कॉलेजच्या इंग्रजी विभागानं एम.फिल.च्या विद्यार्थ्यांचं लेखन छापायला एक नियतकालिक काढलं. संपादक मॅडम, माझ्या गाइडही त्याच. मी आगरी लग्नातल्या धवल्यांवर लेख दिला होता. माझी सत्यवती आत्या धवलारीण, म्हणजे हळदीला, मांडवाला विधीची गाणी गाणारी. तिची गाणी मी टेपवर घेतली, इंग्रजीत आणली, दोन वर्षं घासली. अंक हातात आला तर लेखावर नाव मॅडमचं. मी शेवटी आभारात होते, टायपिंगसाठी.

स्टाफरूममध्ये गेले तर म्हणाल्या, "नाव आलंय ना तुझं? मग? रिसर्चमध्ये असंच चालतं, क्षितिजा. आणि प्रबंधावर सही कोणाची लागते, माहितीय ना?"

माहीत होतं. पंधरा दिवसांत प्रबंध द्यायचा होता. "हो मॅडम" म्हणून बाहेर आले. स्वतःची इतकी किळस मला कधीच आली नव्हती.

प्रकाशनाला मॅडमना जिवंत लोककला हवी होती. फर्मान मलाच सुटलं, "तुझ्या आत्याला आण, नऊवारीत." आत्या आली. बाबाही आले, इस्त्रीचा शर्ट घालून, मुलीचा लेख छापलाय म्हणून. त्यांना मी खरं सांगितलंच नव्हतं.

मॅडम माइकवर लेख वाचू लागल्या. आत्याला इंग्रजीतलं ओ की ठो कळत नाही. पण मध्येच दत्ताराम आलं, जागृती आलं, तशी ती माझ्याकडे वळली.

"दादाचा नाव घेतला. काय बोलते गो ती?"

धवलारीण ज्या घरी गाते, त्या घरच्यांची नावं गाण्यात गुंफते. दत्ताराम माझे बाबा, जागृती माझी बहीण. लेखात मी हे लिहिलं होतं. मॅडमनी नेमकं तेवढंच काढून स्वतःची तळटीप घातली होती, आणि आता तीच वाचत होत्या.

"काही नाही गं," एवढं म्हटलं असतं तर सही मिळाली असती. जीभ तशी वळलीही होती. पण पलीकडे बाबा टाळ्या वाजवायला तयार बसले होते. मी शब्दन् शब्द मराठीत सांगितला. "म्हणते, हे गाणं मी स्वतः घोडबंदरच्या एका लग्नात गोळा केलं. आणि दत्ताराम हा तिथला ग्रामदेव आहे."

आत्या उभी राहिली. तिला माइक लागत नाही.

"बाय, त्यो देव न्हाय, माझा भाव हाय! ह्यो काय बसलाय! आमचे गोडदेव गावाला याचे पोरीच्या हलदीला मी गायलंय. तू कुटं व्हतीस तवा?"

सगळा हॉल हसला. बाबा गडबडून उभे राहिले आणि त्यांनी सगळ्यांना हात जोडले. मग तर प्रमुख पाहुणेही हसले. मॅडम नुसते कागद चाळत राहिल्या.

नंतर त्यांनी मला जिन्यात गाठलं. "अडाणी बाई आणून तमाशा केलास. सही विसर आता."

"बोलावलं तुम्ही होतं," मी म्हटलं.

सही त्यांनी केली नाहीच. गाइड बदलण्यात माझं दीड वर्ष गेलं. लेखावर अजून त्यांचंच नाव आहे, आणि खाली माझ्या बापाला देव करणारी तळटीपही.

मी आता शिकवते. दर वर्षी पहिल्याच तासाला नव्या मुलांना तो अंक देते. तळटीप त्यांना वाचायला लावते, मग दत्ताराम कोण ते सांगते. वर छापलेलं लेखिकेचं नाव मात्र मी स्वतः वाचते, मोठ्यानं.